पावसात पन्हाळा-पावनखिंड करताय? सॅक हलकी ठेवा

भावांनो, लोकं अर्धं घर पाठीवर घेऊन निघत्यात आणि मसाई पठार संपायच्या आत खांदे गेले म्हणून रडत्यात. माझ्या सॅकमध्ये मोजकंच असतं. चाकू, शिट्टी, हेडटॉर्च, पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे आणि कचऱ्याची मोठी काळी प्लास्टिक पिशवी. ही पिशवी लई कामाची, तोंडापुरतं भोक पाडून अंगात घातली की रेनकोट, फाडून दोरीवर टाकली की आडोसा.

लायटर एक नको, दोन ठेवा, वेगवेगळ्या खिशात, आणि पंक्चरवाल्याकडनं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे मागून घ्या, फुकट देतो, बोटभर पट्टी भिजली तरी पुसून पेटवली की काही मिनिटं जळत राहते, तेवढ्यात बारीक काटक्या धरतात (वास घाण येतो, तोंड लांब ठेवा). दाजीपूरच्या अभयारण्यात कधी गेलात तर तिथं मात्र जाळ बिलकूल करायचा नाही, बंदी आहे.

धुक्यात वाट चुकलीच तर पळापळ नको, एका जागी थांबून तीन-तीन शिट्ट्या मारायच्या. जीन्स घालू नका, भिजली की वाळतच नाही. आणि कोरड्या मोज्यांची एक जोडी प्लास्टिकमध्ये बांधून तळाला.