केबिन बॅग गेटवर मागितली तर

शिकागोहून लेकीच्या गावी जाणारं विमान ५० सीटचं होतं. मुंबईपासूनचा प्रवास अंगात मुरलेला, आम्ही दोघं रांगेत उभे. बोर्डिंग पास तपासणाऱ्या मुलीने माझ्या बॅगेच्या मुठीला एक टॅग अडकवला आणि म्हणाली, "ही आत मावणार नाही, विमानाच्या दाराशी ठेवा." मी मान हलवली. दहा पावलं पुढे गेल्यावर आठवलं, ह्यांचं इन्सुलिन त्याच बॅगेत आहे आणि तेही तळाशी, दोन साड्या आणि भडंगाच्या पुड्याखाली. एरोब्रिजवर कडेला बसकण मारली, चेन उघडली, एकेक वस्तू काढून ह्यांच्या हातात देत गेले. मागची माणसं बाजूने पुढे जात होती. इन्सुलिन सापडलं, पण घाईत पॉवर बँक आतच राहिली. ती चूक किती मोठी होती हे घरी पोचल्यावर लेकीने सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांचं औषध राहिलं असतं तर दुसरं आणता आलं असतं. पॉवर बँक खाली सामानाच्या कप्प्यात जायलाच नको होती."

या गोष्टीला चार वर्षं झाली. त्यानंतर पाच वेळा आमची बॅग गेटवर घेतली गेली आणि एकदाही जमिनीवर बसायची वेळ आली नाही. बदललं ते एकच. घरी बॅग भरतानाच मी धरून चालते की ही गेटवर आपल्या हातून जाणार आहे.

त्यासाठी कापडाची एक पिशवी शिवून घेतली. फूटभर लांब, नऊ इंच उंच, वर चेन, आणि खांद्याला अडकेल एवढा लांब बंद. ही पिशवी केबिन बॅगेत सगळ्यात वर ठेवायची, चेन उघडली की पहिला हात तिच्यावरच पडला पाहिजे. तिच्यावर स्वेटर नाही, शाल नाही, खाऊ नाही. बॅग मागितली की पिशवी खांद्यावर आणि बॅग त्यांच्या हाती, अर्ध्या मिनिटाचं काम. ती समोरच्या सीटखाली सहज जाते, म्हणून कोणी हरकत घेत नाही.

पिशवीत काय असावं यावर मी ठाम आहे. औषधं सगळ्या प्रवासाची, फक्त त्या दिवसाची नव्हे, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. खाली सामानाच्या कप्प्यात तापमान किती असेल ते आपल्या हातात नसतं. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरता येत नाही. शिवाय बॅग दुसऱ्या दिवशी आली तर रात्रीचा डोस कुठून आणणार? पासपोर्ट, व्हिसाची कागदं, पैसे, दागिने, घराची किल्ली, चष्मा, कानाचं यंत्र आणि त्याच्या बॅटऱ्या हेही त्यातच. दागिने, रोकड आणि कागदपत्रं खाली जाणाऱ्या सामानात ठेवू नका असं विमान कंपन्या आपल्या अटींमध्ये लिहूनच ठेवतात, त्यामुळे हरवली तर भांडायला जागा उरत नाही. लॅपटॉप पिशवीत मावत नसेल तर बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात उभा ठेवा, म्हणजे एका हाताने निघतो. लहान मूल सोबत असेल तर दुधाची पावडर, बाटली आणि दोन-तीन डायपर या पिशवीत हवेतच.

आता पॉवर बँक. यावर जरा जास्त लिहिते, कारण आपल्या वयाच्या बऱ्याच जणांना हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक खाली जाणाऱ्या सामानात चालतच नाहीत, त्या प्रवाशाजवळच राहिल्या पाहिजेत. बॅग गेटवर घेतली तरी हाच नियम. कारण साधं आहे. अशी बॅटरी आतल्या आत तापायला लागली की एकेक सेल पेट घेत जातो. केबिनमध्ये धूर दिसतो आणि कर्मचारी लगेच पाणी मारून ती थंड करू शकतात. खालच्या सामानाच्या कप्प्यात ते कोणाला दिसत नाही, आणि तिथली आग विझवायची यंत्रणा अशा बॅटरीला पुरी पडत नाही. दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर २८ जानेवारी २०२५ ला उड्डाणाच्या तयारीत उभ्या असलेल्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यातून आग निघाली. आतली सगळी, १७६ माणसं, बाहेर पडली. विमान जळलं. तपासात संशय पॉवर बँकेवर गेला. त्या घटनेनंतर काही देशांत पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यातसुद्धा ठेवू देत नाहीत, अंगाजवळच ठेवायला सांगतात.

पॉवर बँक केवढी चालते ते वॉट-अवरवर ठरतं. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्याच्या पुढची नेताच येत नाही. तुमच्या पॉवर बँकेवर फक्त एमएएच लिहिलं असेल तर त्या आकड्याला १००० ने भागा आणि ३.७ ने गुणा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, ती चालते. आकडा पुसून गेला असेल तर ती घरीच ठेवा, सुरक्षा तपासणीत अडवू शकतात. आणि ज्या बॅगेतच चार्जिंगची बॅटरी बसवलेली असते, ती घेताना बॅटरी काढता येते ना हे दुकानातच बघा. निघत नसेल तर गेटवर ती बॅग खालीही जात नाही आणि वरही मावत नाही.

बॅग कधी मागतील याचा अंदाज आधीच बांधता येतो. तिकिटावर बऱ्याचदा विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. आपल्याकडे कोल्हापूर, जळगावसारख्या विमानतळांवर एटीआर ७२ दिसतं, ७० ते ७८ सीटचं, पंख्याचं. त्याचे वरचे कप्पे अरुंद असतात, चाकांची टणक बॅग त्यात जवळजवळ जातच नाही. अमेरिकेत ५० सीटच्या जेटमध्ये तसंच. मोठ्या विमानात जागा असते, पण शेवटी चढणाऱ्यांना ती उरत नाही, म्हणून आमचा नंबर पुकारला की आम्ही चहा अर्धा ठेवून रांगेला लागतो. मऊ कापडी बॅग घेतली तर ती दाबून कुठेतरी बसते. आम्ही आता टणक बॅग नेतच नाही.

जागा नाही म्हणून गेटवर बॅग घेतली तर सहसा पैसे लागत नाहीत. पण बॅग जड किंवा मोठी निघाली तर गोष्ट वेगळी, तिथे दंडासारखी रक्कम मागतात आणि ती काउंटरपेक्षा जास्तही असते. भारतात बहुतेक ठिकाणी मर्यादा ७ किलो आणि लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटर. मोजताना चाकं आणि मूठ धरून मोजा. दुकानदार आतल्या भागाचं माप सांगतो.

टॅग लावायला हात पुढे आला की एक प्रश्न न विचारता बॅग सोडू नका: परत कुठे मिळणार, विमानाच्या दारात की बेल्टवर? छोट्या विमानांना बऱ्याचदा एरोब्रिजवर किंवा शिडीशीच परत देतात, आणि ते माहीत नसलेला माणूस सरळ बाहेर निघून जातो. पुढचं विमान असेल तर टॅगवरची तीन अक्षरं वाचा. ती शेवटच्या मुक्कामाची असतील तर मधे बॅग शोधत बसू नका, मधल्या गावाची असतील तर तिथे उतरवून घ्यायची आहे. गोव्याला तर दोन विमानतळ, जुनं दाबोळी आणि २०२३ च्या जानेवारीत उड्डाणं सुरू झालेलं मोपा. दोन्हींची अक्षरं वेगळी आहेत, तिकिटाशी ताडून बघा. परदेशातून अमेरिकेत उतरताना साधारणपणे पहिल्याच विमानतळावर सामान बेल्टवरून उचलून कस्टममधून न्यावं लागतं, तेव्हा गेटवर दिलेली बॅगही त्यात धरा आणि पुढच्या विमानासाठी दोन तास तरी हाताशी ठेवा.

कधी कधी गेटवर पुकारा होतो, कोणाला स्वखुशीने बॅग खाली द्यायची आहे का. आमचा शेवटचा टप्पा असेल आणि पिशवी खांद्यावर असेल तर आम्ही आनंदाने देतो, हात मोकळे होतात. पुढचं विमान तासाभरात असेल तेव्हा मात्र मी स्पष्ट सांगते की आमची जोडणी कमी वेळाची आहे. गेटवरच्या बऱ्याच जणी ऐकून घेतात.

टॅगचा तुकडा मिळाला की बोर्डिंग पासच्या मागे चिकटवा आणि बॅगेचा एक फोटो काढा, टॅग दिसेल असा. नाव आणि फोन बॅगेच्या बाहेर आणि आत, दोन्हीकडे लिहा, कारण बाहेरची चिठ्ठी तुटते.

बॅग मिळाली की तिथेच चाकं फिरवून, मूठ ओढून, चेन तपासून बघा. तुटली असेल किंवा आलीच नसेल तर विमानतळ सोडण्याआधी त्या विमान कंपनीच्या सामान कक्षात जाऊन पीआयआर नावाचा अहवाल भरून घ्या आणि त्याचा क्रमांक लिहून आणा. घरी आल्यावर फोन करू म्हणाल तर बोलणं अवघड होतं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे. नुकसानीची लेखी तक्रार बॅग हाती आल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून एका प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. एवढे मिळतातच असं नाही, खरं नुकसान दाखवावं लागतं. म्हणून नव्या बॅगेची पावती फेकू नका, आणि बॅग येईपर्यंत दात घासायचा ब्रश जरी विकत घेतला तरी त्याचं बिल ठेवा.

गेल्या मार्चमध्ये कोल्हापूरहून हैदराबादला निघालो. शिडीशी उभ्या पोराने बॅगेकडे हात केला. ह्यांनी चेन उघडली, पिशवी माझ्या खांद्यावर आली, बॅग गाडीवर गेली. आमच्या मागच्या बाई थबकल्या. टॅग हातात धरून त्यांनी मला विचारलं, "अहो, माझ्या बीपीच्या गोळ्या आत आहेत, काढू का?" मी म्हटलं काढा, आणि पॉवर बँक असेल तर तीही. त्यांनी बॅग उघडली, मी ती तिरपी धरून उभी राहिले, आणि तो पोरगा थांबला.