अमेरिकेत घर हलवताय? दारात कंटेनर मागवून सामान कसं न्यायचं

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं ठरलं की आधी हीच चर्चा, मूव्हर्स बोलवायचे की ट्रक भाड्याने घेऊन स्वतः चालवायचा. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला आलो तेव्हा कंटेनर मागवला. कंपनी रिकामा कंटेनर ड्राइव्हवेत आणून ठेवते, तुम्ही सावकाश भरता, कुलूप लावता, ते उचलून नव्या गावी पोचवतात आणि घराचा ताबा मिळायला वेळ असेल तर मधले काही आठवडे त्यांच्या गोदामात ठेवतात. घरात लहान पोरं असतील तर मी हेच सुचवेन, एका दिवसात सगळं उरकायची घाई राहत नाही.

आधी साइज ठरवा. पॉड्स, यू-पॅक, यू-हॉल या कंटेनर देणाऱ्या कंपन्या. पॉड्सचे कंटेनर 8 ते 16 फुटी असतात. यू-पॅकचे कंटेनर, म्हणजे रिलोक्यूब, छोटे, साधारण 6 बाय 7 फूट आणि 8 फूट उंच, जेवढे वापराल तेवढ्यांचेच पैसे. यू-हॉलचे यू-बॉक्स प्लायवूडचे, आणखी लहान. प्रत्येकाला वजनाची मर्यादा असते आणि मोठ्या कंटेनरला जास्त वजन चालेलच असं धरून चालू नका, पुस्तकं खूप असतील तर नक्की विचारा. कोट म्हणजे खर्चाचा आकडा घेताना भाडं किती दिवसांचं, गोदामाचे पैसे वेगळे का, इन्शुरन्स काय काय भरून देतो, हे सगळं लेखी घ्या. उन्हाळ्यात आणि महिनाअखेरीला मागणी फार, तेव्हा बुकिंग लवकर करा.

मग जागा. कंटेनर उतरवायला रुंदी तर लागतेच पण वरही मोकळं लागतं, झाडाच्या फांद्या आणि वायरी बघून ठेवा. अपार्टमेंट असेल तर ऑफिसला विचारा, सोसायटी म्हणजे एचओए असेल तर त्यांचे नियम बघा, रस्त्यावर ठेवणार असाल तर बॉस्टनसारख्या शहरात परमिट काढावं लागतं.

आता भरणं, खरी मेहनत इथेच आहे. फ्रिज, वॉशर, घरघंटी असं जड सामान सगळ्यात आत, पण डावी-उजवीकडे सारखं वाटून. त्यावर खोके, जड खाली हलके वर, थर छतापर्यंत न्यायचा आणि प्रत्येक थर झाला की रॅचेट स्ट्रॅपने, म्हणजे खटका मारून घट्ट करायच्या पट्ट्याने, आडवा आवळायचा. मधे फट राहिली तर तिथे उशा, चादरी कोंबा, कारण ट्रक ब्रेक मारतो तेव्हा सामान याच फटींत सरकतं. सोफा उभा करून ठेवला तर बरीच जागा वाचते. पाटा-वरवंटा दोन वेगळ्या छोट्या खोक्यांत घाला, एकत्र घातलात तर खोक्याचा तळ फाटतो.

ओलाव्याकडे मात्र लक्ष द्याच. कंटेनरला आत एसी नसतो, दिवसा तापतो रात्री गार पडतो, आतल्या पत्र्याला घाम सुटतो. आजीच्या हातची गोधडी मी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पत्र्याला लागून ठेवली होती, पिशवीत आधीच थोडी दमट हवा असणार, तीन आठवड्यांनी उघडली तर कुबट वास आणि एका कोपऱ्यावर काळे ठिपके. वास उन्हात गेला, ठिपके अजून आहेत. म्हणून कपडे कडकडीत वाळवून भरा, ओलावा शोषणारे डबे ठेवा, भिंतीला कापड लागू देऊ नका.

गॅस सिलिंडर, पेट्रोल, रंग, कुंडीतली झाडं, नाशवंत खाणं यातलं काही चालत नाही. लोणच्याच्या बरण्या आणि गोडा मसाला आम्ही गाडीत घेतला. पासपोर्ट, ग्रीन कार्डं, दागिने, औषधं, देव्हाऱ्यातल्या मूर्ती हेसुद्धा स्वतःसोबतच न्या, कंटेनर ठरल्या दिवशीच येईल याची खात्री नसते.

कुलूप स्वतःचं, जाड डिस्क लॉक म्हणजे गोल चकतीसारखं कुलूप घ्या. दार लावायच्या आधी आतले फोटो काढा. पोचल्यावर दार अगदी हळू उघडा, बाजूला उभं राहून, कारण सरकलेला खोका थेट अंगावर येतो. पोरांना तेवढा वेळ घरातच ठेवा.