मृगाआधी उभारावयाचे सरकते फाटक: गाडीवरून न उतरता उघडावे यासाठी

रब्बीची मळणी उरकलेली असते, रस्त्याला चिखल नसतो आणि वेल्डरकडेही पावसाळ्याआधीची झुंबड उडालेली नसते, असे चैत्र-वैशाखातले जे पाच-सहा आठवडे मिळतात, तेच शेताच्या फाटकाचे काम काढण्याचे दिवस होत. मृग नक्षत्र साधारणपणे ७ जूनच्या सुमारास लागते. त्यापूर्वी खांबांचे काँक्रीट भरून, त्यावर गोणपाट टाकून निदान दहा दिवस पाणी मारून झालेले असावे. उन्हाळ्यात भरलेले काँक्रीट पाण्यावाचून ठेवले, तर ते कडक दिसले तरी पुरते मजबूत होत नाही.

या सल्ल्यात ज्या फाटकाचा विचार केला आहे ते बाजूला सरकणारे आहे आणि ट्रॅक्टरच्या सीटवरून किंवा बैलगाडीच्या बैठकीवरून दोर ओढून उघडता व लावता येते. ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना घोडागाडीतून उतरून, लगाम सांभाळत फाटक उघडणे इतके जाचक वाटत होते की गाडीवरून उघडणाऱ्या फाटकांची तेथे शेकडो पेटंटे निघाली. आपल्याकडचा बैल घोड्याइतका उतावळा नसतो, त्यामुळे कासरा साटीला बांधून गडी खाली उतरतो आणि काम भागते. ट्रॅक्टरचे मात्र तसे नाही. इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक न ओढता उतारावर उतरलेला चालक आणि त्याच्यामागून सरकत येणारी भरलेली ट्रॉली, हा अपघात दोराने उघडणाऱ्या फाटकामुळे टळू शकतो. दिवसातून आठ-दहा फेऱ्या असतील तर वेळही वाचतो, पण खर्च करायचा तो मुख्यतः सुरक्षेसाठी, हे मनाशी पक्के असावे.

फाटक करायचे म्हटले की आपण आधी वेल्डरकडे जातो आणि पट्टी की पाइप, नक्षी कोणती, यावर बोलत बसतो. सरकत्या फाटकाच्या बाबतीत हा क्रम उलटा धरावा लागतो. चालकाच्या हाती दोर नेमका कोठे येणार, ही जागा सर्वांत आधी ठरली पाहिजे, कारण फाटक रस्त्यापासून किती आत घ्यायचे, खांब कोठे रोवायचे आणि दोर किती लांब घ्यायचा, हे सारे त्या एका जागेवरून ठरते.

उघडताना ट्रॅक्टरचे नाक फाटकाला टेकू नये एवढेच पाहावे लागते. सीटपासून नाकापर्यंत साधारण आठ फूट अंतर असते आणि बैलगाडीत बैठकीपासून बैलांच्या तोंडापर्यंत नऊ-दहा फूट, म्हणून उघडण्याचा दोर फाटकाच्या बारा फूट अलीकडे मिळाला तरी पुरतो. लावताना मात्र मागची सगळी ट्रॉली फाटकाबाहेर निघालेली असावी लागते. सीटपासून एका ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यापर्यंत २० ते २२ फूट भरतात. त्यात तीन-चार फूट मोकळीक धरली, तर लावण्याचा दोर फाटकापासून २६ फुटांवर हवा. एकच दोरखांब (चालकाच्या हाताशी दोर आणणारा खांब) दोन्ही कामांसाठी वापरायचा असल्याने मोठे अंतर प्रमाण मानावे, म्हणजे फाटकाच्या आत २६ फुटांवर एक आणि बाहेर २६ फुटांवर एक असे दोन दोरखांब लागतील. याचा आणखी एक परिणाम ध्यानात घ्यावा. बाहेरच्या दोरखांबाशी ट्रॅक्टर थांबला की ट्रॉलीचा मागचा भाग तेथून आणखी २२ फूट मागे असतो. तो डांबरी रस्त्यावर राहू नये यासाठी फाटक रस्त्यापासून निदान ५० फूट आत घ्यावे लागते. एवढी जागा नसेल तर बाहेरचा दोरखांब बारा फुटांवर घेऊन तो फक्त उघडण्यापुरता वापरावा आणि बाहेर जाताना एकदा उतरून फाटक लावावे. ट्रॉलीचे शेपूट रहदारीत ठेवून वाचवलेल्या दोन मिनिटांना काही अर्थ नाही.

अंतरे कागदावर न मांडता जमिनीवर मांडावीत. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर नेहमीच्या वाटेने आणून थांबवावा, चालकाने सीटवरून न उठता बाजूला हात लांबवावा, आणि त्याच्या मुठीखाली दुसऱ्याने फक्कीने खूण करावी. हे तीन-चार वेळा केले की खुणांचा एक झुबका दिसू लागतो आणि दोर कोठे हवा ते आपोआप कळते. आमच्या रानात ही मूठ चाकोरीच्या मध्यापासून सव्वाचार फुटांवर आणि जमिनीपासून पाच फूट उंचीवर आली. ट्रॉलीची निम्मी रुंदी साडेतीन-पावणेचार फूट असते, त्यामुळे दोरखांब आणि ट्रॉली यांच्यात वीतभरच जागा उरते. म्हणून दोरखांबाच्या अलीकडे दहा-बारा फूट चुना लावलेले दगड ओळीने रोवावेत. चाक त्या ओळीला धरून चालवले की गाडी दर वेळी त्याच अंतरावर थांबते. ऊस बाहेर झुकलेल्या गाड्यांना मात्र ही वीतभर जागा पुरणार नाही. दोरखांब जमिनीत कायमचा न गाडता मोठ्या व्यासाच्या पाइपाची बाही काँक्रीटमध्ये बसवून तीत उभा करावा, म्हणजे तोडणीच्या दिवसांत तो उपसून ठेवता येईल. त्या दिवसांत फाटक उघडेच ठेवणे शहाणपणाचे, कारण दोन ट्रॉल्यांच्या गाडीसाठी २६ फूटही अपुरे पडतात.

आता फाटकाकडे वळू. १४ फुटांच्या वाटेसाठी कवाड दोन्ही बाजूंना वाटेपेक्षा अर्धा-अर्धा फूट जास्त जाईल असे धरून १५ फुटांचे, साडेचार फूट उंचीचे कवाड घ्यावे. बाहेरची चौकट ४० मिमी जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपाची, मधल्या चार आडव्या, दोन उभ्या आणि एक तिरपी २५ मिमी पाइपाची, असे धरले तर चाकांसह वजन ११५ किलोच्या आसपास जाते. बेअरिंगच्या चाकांवर आणि स्वच्छ रुळावर एवढे कवाड हलवायला तीन-चार किलोचा ओढा पुरतो. दोर ज्या कप्प्यांवरून वळतो त्या प्रत्येकीवर थोडा ओढा खर्ची पडतो, तरी हातात सहा किलोंच्या वर ताण येत नाही. दहा वर्षांच्या मुलालाही तो ओढता येतो, आणि नेमके म्हणूनच पुढे सांगितलेले अडसर, म्हणजे कवाडाला दोन्ही टोकांशी थांबवणारे अटकाव, महत्त्वाचे आहेत. पत्रा मारून कवाड बंदिस्त करण्याचा मोह टाळावा. वजन वाढते ते वाढतेच, शिवाय वळवाच्या वाऱ्यात असे कवाड शिडासारखे फुगते आणि चाके रुळावरून उचलली जातात.

रूळ जमिनीवर घ्यायचा असेल तर ४० × ४० × ५ मिमीचा अँगल पालथा, म्हणजे कणा वर करून, काँक्रीटच्या पट्ट्यात बसवावा आणि त्यावर खाचेची चार इंची चाके चालवावीत. नालीसारख्या चॅनेलच्या रुळात माती, ज्वारीची धाटे आणि शेण भरून राहते. पालथ्या अँगलच्या कण्यावरून ते दोन्ही अंगांना घरंगळते. रुळाची पातळी डोळ्याने न ठरवता पाणीनळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासावी. फाटक आपोआप लागावे म्हणून रुळाला मुद्दाम उतार देण्याची सूचना काही कारागीर करतात. ती मला पटत नाही. शंभर किलोंची वस्तू स्वतःहून चालू लागेल अशी व्यवस्था वासरे आणि मुले जेथे वावरतात तेथे नसावी.

काळ्या जमिनीबद्दल जरा विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण सरकते फाटक बिघडते ते बहुधा तेथेच. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात उथळ रोवलेली प्रत्येक वस्तू दर वर्षी थोडी थोडी हलत राहते. पहिल्या फाटकाच्या वेळी मी दोन फुटांचे खड्डे घेऊन समाधान मानले होते. श्रावणात एका खांबाने मान टाकली, रूळ मधोमध उचलला गेला, आणि दिवाळीपर्यंत कवाड एका बाजूने पहारीने ढकलावे लागत होते. तेव्हापासून मुरूम लागेपर्यंत खणणे हा नियम मी मोडलेला नाही. मुरूम लवकर लागला नाही तर निदान पाच फूट खोल जावे, तळाशी आणि कडेने काळी माती परत न लोटता मुरूम धुमसून भरावा, आणि काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाचे ठेवावे. काळा थर याहूनही खोल असेल तर जमिनीवरच्या रुळाचा नाद सोडून अधांतरी फाटक घ्यावे. त्यात कवाडाला मागे सात फुटांचे जादा शेपूट असते आणि सारे वजन बाजूच्या दोन खांबांवरच्या रोलरांवर तोलले जाते. वाटेत रूळच नसल्याने माती फुगली तरी अडचण येत नाही. वजन आणि खर्च साधारण दीडपट होतो, मागे सरकायला जागाही जास्त लागते, पण दोन खांब नीट रोवणे हे लांबलचक रुळाला कायम पातळीत ठेवण्यापेक्षा सोपे आहे. कोकणात जांभ्यामुळे पाया लवकर लागतो; तेथे खरा शत्रू गंज आहे. वेल्डिंगच्या जागी जीआयचा जस्ताचा थर जळून जातो, म्हणून प्रत्येक जोड घासून त्यावर जस्तयुक्त प्रायमर दोन हात द्यावा.

दोराची मांडणी मोटेवर नाडा ओढलेल्या माणसाला एका नजरेत समजेल, पण ती लिहून सांगणे थोडे कठीण आहे. कवाड ज्या बाजूला सरकते त्याच बाजूला सारा दोर ठेवावा, म्हणजे वाटेवरून दोर आडवा जाणार नाही. लागलेल्या कवाडाचे शेपूट, म्हणजे मागचे टोक, ज्या खांबापाशी असते तेथे एक कप्पी आणि उघडल्यावर ते जेथे पोहोचते त्याच्या पलीकडे दुसरी, अशा दोन कप्प्यांमध्ये शेपूट ये-जा करते. शेपटाच्या एका अंगाने निघालेला दोर खांबाशी वळून बाहेरच्या दोरखांबाला वळसा घालतो, परत येऊन आतल्या दोरखांबाला वळसा घालतो, आणि पलीकडच्या कप्पीवरून शेपटाच्या दुसऱ्या अंगाला येऊन मिळतो. असा १४० फुटांच्या आसपास दोर लागतो. प्रत्येक दोरखांबाशी त्याचे दोन पदर हाताला येतात. एक ओढला की फाटक उघडते, दुसरा ओढला की लागते. हातावर हात घेत सहा-सात ओढींत काम होते. उघडण्याच्या पदराला तांबडे फडके बांधले तर नवा गडीही चुकत नाही.

दोर पॉलिस्टरचा, १० ते १२ मिमी जाडीचा घ्यावा. नायलॉन ताणतो, बाजारात स्वस्त मिळणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हाने ठिसूळ होऊन हातात त्याचे कुसळ येते, आणि काथ्याचा किंवा सुताचा दोर भिजला की आखडून कप्प्यांवर ताण आणतो. ढिलाई काढण्यासाठी एक टर्नबकल (पिळून दोर ताणण्याचा आट्यांचा जोड) कोठेतरी सोयीने बसवून ठेवावे.

कडी कवाडाच्या शेपटाशीच असावी, पुढच्या टोकाशी नव्हे. शेपटावर बसवलेला लोखंडी आकडा स्वतःच्या वजनाने खांबावरच्या खुंटीवर पडतो. उघडण्याचा पदर चौकटीला न बांधता या आकड्याच्या दांडीला बांधावा, म्हणजे पहिल्या तीन-चार इंचांच्या ओढीत आकडा उचलला जातो आणि मग कवाड हलते. लावण्याचा पदर थेट चौकटीला. पुढचे टोक समोरच्या खांबावरच्या खोबणीत घुसेल असे करावे, कारण म्हैस अंग घासते ती नेमकी त्याच टोकाला. रानडुकरांचा उपद्रव असेल तर खालची फट चार इंचांपेक्षा जास्त नसावी. डुक्कर वरून उडी मारण्यापेक्षा नाक घालून उचकटण्याचा प्रयत्न करते.

दोन्ही टोकांना पक्के अडसर आणि वर दोन्ही बाजूंनी आधाराचे रोलर बसवल्याशिवाय फाटक एक दिवसही वापरू नये. अडसर नसलेले कवाड जोरात ओढले तर आधाराच्या रोलरांमधून निसटते आणि सपाट खाली पडते. त्याखाली मूल सापडले तर उचलायला चार माणसे लागतील. अडसर वेल्डिंगने जोडावेत, बोल्टने नव्हे.

वाट सामाईक असेल तर हे सारे करण्यापूर्वी शेजाऱ्यांशी बोलून घ्यावे. वहिवाटीची वाट अडवल्याची तक्रार आली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात.

नवे फाटक लागल्यावर पहिले चार दिवस बैलांना त्याच्यासमोर उभे करून कवाड सावकाश सरकवावे. समोरची भिंत चालू लागली असे वाटून ते बिचकतात आणि जू मोडते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रूळ झाडावा, कप्प्यांत पाणी साचत नाही ना ते पाहावे. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलेच घेतलेले असावे. पाइपांची उघडी तोंडे झाकणांनी बंद करावीत. हे किरकोळ वाटते, पण गांधीलमाशा नेमक्या तेथेच घर करतात, आणि भाद्रपदात पहिल्यांदा दोर ओढणाऱ्याला ते कळते.