मिशेरी, बोटखत आणि ५८ सेंटीमॉर्गन

चौतीस वर्षं तलाठी होतो. नातं म्हणजे फेरफाराला लागलेली वारसनोंद, एवढीच माझी समजूत. त्यामुळे मुलीनं डीएनएचं किट आणलं तेव्हा मी हसलो होतो. पण आमच्या घरी महालयाला एक पान जास्तीचं वाढतात, 'बोटीवर गेला त्याचं'. त्याचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. आणि आत्याच्या निकालात मॉरिशसच्या एक बाई निघाल्या, ५८ सेंटीमॉर्गन जुळणाऱ्या. सेंटीमॉर्गन म्हणजे दोघांत जुळणारा डीएनए मोजायचं माप; आकडा मोठा तेवढं नातं जवळचं. तेव्हापासून दोन वर्षं मी काय केलं आणि कुठे आपटलो, ते सांगतो. तुम्हाला उपयोग होईल.

सुरुवातीला प्रश्न एकच धरा. 'आमचं मूळ कुठलं' हा प्रश्न नव्हे, त्याला अंत नाही. 'बोटीवर गेलेला माणूस आत्याच्या पणजोबांचा भाऊ होता का', हा प्रश्न. उत्तर हो किंवा नाही असं येऊ शकलं पाहिजे.

मग घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस गाठा. दर पिढीला डीएनए निम्मा गळतो, आणि कुठला निम्मा ते आपल्या हातात नसतं. त्या बाईंशी आत्याचे ५८ जुळले, माझे फक्त १९. मी एकट्यानंच चाचणी केली असती तर ती जुळणी किरकोळ म्हणून सोडून दिली असती. म्हाताऱ्या माणसाला नळीभर थुंकायला लावू नका, गालाच्या आतून काडी फिरवायचं किट मिळतं ते घ्या. त्याआधी तासभर तोंडात काही घालायचं नसतं. आमच्या आत्याचं म्हणणं, "मिशेरी सोडून काय पन मांग." शेवटी सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायला लावून काम उरकलं. आणि हो, आधी नीट विचारून, समजावून घ्या. घरातलं झाकलेलं दत्तक किंवा आणखी काही यातून बाहेर येऊ शकतं.

आता आकडे. आजोबा एक असलेल्या भावंडांत सरासरी साधारण ८७० सेंटीमॉर्गन जुळतात, पणजोबा एक असतील तर २३०, खापरपणजोबा एक असतील तर ७०च्या आसपास. या सरासऱ्या आहेत, प्रत्यक्षात आकडा बराच खालीवर होतो. म्हणून ५८ म्हटल्यावर चारपाच प्रकारची नाती त्यात बसतात. कोणतं, ते डीएनए सांगत नाही.

त्यात आपल्याकडे एक वेगळीच भानगड आहे. मामाची मुलगी करायची पद्धत, आणि पाचसात गावांतच सोयरिकी. दोन माणसं तीन बाजूंनी नातेवाईक असतात आणि तिन्हीकडचे तुकडे बेरजेत येतात. बाहेरच्या देशांतल्या लोकांसाठी केलेले तक्ते मग नातं आहे त्यापेक्षा जवळचं दाखवतात. म्हणून बेरीज मागून बघा, आधी सगळ्यात लांब तुकडा बघा. आत्याच्या ५८मधला एक तुकडा एकटा २४चा होता. पाचपाच, सातसातचे दहा तुकडे असते तर मी फाइल बंद केली असती.

यापुढे कागद. मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या तिथे मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. प्रत्येक माणसाला एक नंबर असे, आणि तो पुढे त्याच्या मुलांच्या जन्मनोंदीतही सापडतो. त्या बाईंनी आपल्या आजोबांच्या कागदावरून मागे जात खापरपणजोबांचा नंबर काढला आणि उतारा पाठवला: राघो, बापाचं नाव सोनू, वय २०, जिल्हा रत्नागिरी, साल १८५८. आडनाव नाही. गावाचं स्पेलिंग असं की आठ दिवस कळेना. असं नाव डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं म्हणा. ऐकलं तसं लिहिलेलं असतं. मी ओसरीवर बसून म्हणत होतो आणि आतून बायको म्हणाली, "आपलंच गाव की हे." जातीच्या रकान्यावर मात्र फार विसंबू नका. 'मराठा' हा शब्द तिथे कुणालाही लावलेला दिसतो.

कोकणातल्या खोती गावाचं बोटखत, म्हणजे जमिनीच्या हक्कांची जुनी नोंदवही, मिळालं तर सोडू नका. कुठल्या ठिकाणात कुणाचा हिस्सा, हे त्यात असतं. मोडी येत नसेल तर वाचणारा गाठा, पण निदान 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, एवढं तरी ओळखायला शिका.

इथे मी आपटलो. खालच्या वाडीत 'राघो बिन सोनू' सापडला आणि मी त्याच रात्री मॉरिशसला कळवून मोकळा झालो. चार दिवसांनी शांतपणे तारीख पाहिली. बोटखत १८८०नंतरचं. म्हणजे माणूस बोटीवर जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर हा राघो गावातच भात लावत होता! नोकरीत असताना असला उतारा मी कुणाला दिला नसता. नाव जुळलं की आधी तो माणूस पुढे कुठे दिसतो का, ते शोधा. आमच्या वाडीच्या पानावर आत्याचे पणजोबा 'धोंडू बिन सोनू' सापडले, आणि हिश्शापुढे शेरा: 'भाऊ राघो परागंदा'.

एवढ्यावर थांबायचं नाही, कारण जुळणी आत्याच्या आईकडूनही आलेली असू शकते. म्हणून आत्याच्या एका चुलत आणि एका मामेभावाची चाचणी केली. मामेभावाकडे काही जुळलं नाही. चुलतभावाचे ४१ जुळले, आणि तो २४चा तुकडा त्याच क्रोमोसोमवर त्याच जागी, आत्याशीही जुळणारा. बाजू ठरली. यात मामेभावाचं शून्य हा पुरावा नव्हे, खापरपणजोबा एक असले तरी दर दहा जोड्यांमागे साधारण एका जोडीत काहीच जुळत नाही. वजन आहे ते त्या एका जागेला.

बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय क्रोमोसोमची चाचणी त्या बाईंच्या भावाची आणि माझी करावी, असं मुलगी म्हणते. करू. पण वाय सगळ्या भावकीत एकच असतो, त्यातून घर कळत नाही. शिवाय दत्तक बहुधा भावकीतलाच घेतात, त्यामुळे वाय जुळतो आणि आपण फसतो.

वंशावळीत सोनूपासून राघोपर्यंत मी अजून पेन्सिलीची तुटक रेघ ठेवली आहे. सोनूला भाऊ होता, त्याच्या मुलाचं नावही राघो असू शकतं. त्या शाखेतले एक काका परळला राहतात. त्यांचं किट गेल्या महिन्यात पाठवलंय.