पस्तिशीत स्केट्स घातले, आणि मनगटाचं गार्ड एकदाच काढलं

सकाळी गार पाण्यात हात घातला की उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अजूनही कळ येते, म्हणून हे लिहायला बसले. ओळखीतल्या तीन-चार जणींनी विचारलं, आम्हाला पण फिगर स्केटिंग शिकायचंय, वय ३२ आहे, ३८ आहे, जमेल का. जमतं. मी ३५ व्या वर्षी परभणीत सुरू केलं. मराठवाड्यात बर्फाची रिंक नाही, त्यामुळं आपल्याकडं सुरुवात चाकांवरच होते, चार चाकांचे क्वाड आणि बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट. चाकांवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगमधे एज (एका कडेवर झुकून जाणं), थ्री टर्न (एकाच पायावर पुढून मागं वळणं), मोहॉक (पाय बदलून तसंच वळणं), वॉल्ट्झ जंप (हवेत अर्धी फिरकी घ्यायची उडी) सगळं तेच असतं, त्यामुळं पुढं बर्फावर गेलात तर ही मेहनत वाया जात नाही.

घरचे बोलतात, ते धरून चाला. आई म्हणायची, "लेकरायचा खेळ आहे तो, तू कामून पडायलीस या वयात?" वयाचं म्हणाल तर जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला २००५ पासून मोठ्यांसाठी आंतरराष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा होते आणि तिथं २८ च्या आतल्यांना प्रवेशच नसतो. हे मी आईला सांगितलं, तिला फार फरक पडला नाही, पण मला पडला.

आता मुद्द्याचं. शिकायला लागून सातवा महिना होता, थ्री टर्न दोन्ही पायांवर जमायला लागला होता. कोर्टवर येणारा एक जुना स्केटर म्हणाला, "ताई, अजून गार्ड घालायलात? त्यानं पडायची सवय लागते, काढून टाका, बॅलन्स आपोआप येतो." मला ते लगेच पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. मे महिना, पहाटे साडेपाचला सुद्धा घामाच्या धारा, गार्डला वास यायचा, आणि बाजूला आठ-दहा वर्षांची लेकरं गार्डशिवाय भर्रकन जायची. काढलं. त्याच दिवशी सराव संपवून पाण्याच्या बाटलीकडं चालले होते, अगदी हळू, जंप नाही टर्न नाही काही नाही, आणि चाकाखाली खडा आला. पाय पुढं गेले, मी मागं, आणि उजवा हात खाली टेकला.

हात आपण टेकत नाही हो, तो आपोआप जातो, मेंदूला विचारत सुद्धा नाही. सगळ्या अंगाचं वजन तळहाताच्या टाचेवर येतं आणि मनगट मागं दुमडतं. गार्डमधली प्लास्टिकची पट्टी दोन कामं करते, मनगट मागं दुमडू देत नाही आणि जमिनीवर घसरते, त्यामुळं हात जागेवर रुतत नाही, पुढं सरकतो आणि मार वाटला जातो. हे मला सगळं माहिती होतं. माहिती असून काढलं.

त्या दिवशी दवाखान्यात एक्सरे काढला, डॉक्टर म्हणाले नॉर्मल आहे, मुका मार आहे, क्रेप बँडेज बांधा, चार दिवस आराम करा. मी खूश. पण सूज उतरली तरी भाकरी थापताना अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ जायची की परातीवरून हात उचलावा लागायचा. बाटलीचं झाकण फिरवता येईना, गाडीची किल्ली फिरवता येईना. मी म्हणायचे मुका मार आहे, वेळ लागतो. असे तीन आठवडे घालवले. मग दुसऱ्या डॉक्टरांनी एकच केलं, अंगठा वर ताणायला लावला की मनगटाजवळ जो खळगा पडतो ना, तिथं बोटानं दाबलं. मी ओरडलेच. पुन्हा एक्सरे काढला आणि त्यात स्कॅफॉइडला चीर दिसली.

स्कॅफॉइड म्हणजे मनगटातलं काजूच्या आकाराचं छोटं हाड. हात टेकून पडलं की मनगटाच्या लहान हाडांपैकी सगळ्यात जास्त हेच मोडतं. आणि याची चीर पहिल्या एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढला की मग दिसते, किंवा एमआरआयमधे कळतं. शिवाय त्याला रक्त बोटांच्या बाजूच्या टोकाकडून मिळतं, म्हणजे उलट्या दिशेनं, त्यामुळं ते भरायला वेळ लागतो, आणि उशीर केला तर जुळतच नाही, मग ऑपरेशन करून स्क्रू टाकायची वेळ येऊ शकते. परत सांगते, कंटाळा आला तरी वाचा: हात टेकून पडलात, एक्सरे नॉर्मल आला, पण त्या खळग्यात दाबल्यावर दुखतंय, तर तो नॉर्मल एक्सरे धरून घरी बसू नका. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की स्कॅफॉइडचा संशय वाटतोय, प्लास्टर लावायचं का, पुन्हा एक्सरे कधी काढायचा. लाजायचं नाही. मला दहा आठवडे प्लास्टर होतं आणि तरी मी नशीबवान, ऑपरेशन लागलं नाही.

घाबरवायचं नाहीये. त्या दहा आठवड्यांनंतर मी परत उभी राहिले, पहिले पंधरा दिवस नुसते दोन पायांवर गोल, आणि आज वॉल्ट्झ जंप येते. हाड भरतं. भीती पण हळूहळू जाते.

गार्ड घेताना बघा, कमान असलेली जाड पट्टी तळहाताच्या बाजूला आली पाहिजे, मागच्या बाजूला नाही, उलटं घातलेले मी किती जण पाहिलेत. आपल्याकडं दुकानात बहुतेक लेकरांचे सेट मिळतात, ते मोठ्यांच्या हाताला ओढूनताणून बसवू नका, ऑनलाइन माप बघून मागवा. गुडघ्याचे पॅड घालून दोन-चार बैठका मारा, खाली सरकले तर पडताना पण सरकणार. माकडहाडासाठी आत घालायची पॅडवाली शॉर्ट मिळते, सलवारीच्या आत दिसत पण नाही, आणि पाठीवर पडणाऱ्याला ती किती लागते हे पडल्यावरच कळतं. हेल्मेट सायकलचं नको, डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकणारं स्केटिंगचंच घ्या, कारण मोठी माणसं पाठीवर पडतात. आत क्लचर किंवा अंबाडा ठेवायचा नाही, वेणी खाली घाला. आणि सायकल-हेल्मेटसारखा थर्माकोलसारखा कडक फोम असेल तर एका जोरदार आदळण्यानंतर ते टाकून द्यायचं, बाहेरून चांगलं दिसलं तरी, तो फोम एकदाच दबतो. स्केट्समधे साइज लहानमोठी करता येते ते मोठ्यांनी घेऊ नका, घोटा डुगडुगतो, हे माझं ठाम मत आहे.

पडायचं सुद्धा शिका, पहिल्याच आठवड्यात, गादीवर. तोल जातोय वाटलं की गुडघे वाकवून खाली बसत यायचं आणि एका बाजूच्या कुल्ल्यावर, मांडीवर टेकायचं, हात छातीशी. मी हे शंभर वेळा केलं असेल आणि तरी त्या दिवशी हात गेला, म्हणून सांगते, सराव करा पण सरावाच्या भरवशावर गार्ड काढू नका.

बर्फावर मी एकदाच गेले. परभणीहून सचखंड एक्सप्रेस थेट नवी दिल्लीला जाते, तिथून गुरुग्रामला मॉलमधे रिंक आहे. डेहराडूनची मोठी रिंक २०११ मधे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली होती, बरीच वर्षं बंद राहून २०२५ मधे परत सुरू झाली. शिमल्याची १९२० पासूनची आहे, नैसर्गिक बर्फाची, त्यामुळं फक्त हिवाळ्यात. चाकांची सवय असणाऱ्याला बर्फावर फसवतो तो ब्लेडच्या पुढचा दातेरी टो पिक, बोटांनी ढकलायला गेलात की तोंडावर पडणार. ढकलायचं ब्लेडच्या आतल्या एजनं, बाजूला. हातमोजे घालाच, आणि पडलात की बोटांची मूठ करा, दुसऱ्यांची ब्लेड जवळून जातात. भाड्याचे बूट घोट्याशी घट्ट आवळा, टाच उचलली जात असेल तर दुसरा साइज मागा, संकोच करू नका. मी पहिला अर्धा तास नुसती कठड्याला धरून होते, हात थरथरत होते, आणि मग एकदा सुटले आणि ब्लेड सरकण्याचा तो आवाज ऐकून डोळ्यात पाणी आलं.

कोचबद्दल एकच. जो कोच लेकरांना गार्ड घालायला लावतो आणि मोठ्यांना "तुम्ही समजदार आहात" म्हणून सोडून देतो, त्याच्याकडं मी शिकत नाही. व्हिडिओ बघून एज समजतात, पण तुमचा खांदा कुठं वळतोय हे बाजूला उभं असलेलं माणूसच सांगतं, त्यामुळं महिन्यातून दोन वेळा का होईना कुणाला तरी बघायला लावा. आमचे सर साठीचे आहेत, स्वतः नुसती एक टर्न दाखवायची असली तरी आधी दोन्ही मनगटांचं वेल्क्रो आवळतात, आम्ही तोवर थांबतो.

परभणीत असाल तर रविवारी साडेपाचला कोर्टवर या, आल्यावर आधी कोर्ट झाडून घ्यायला लागतं, खराटा माझ्याकडं आहे. गाडीच्या डिकीत मीडियम साइजच्या गार्डची एक जास्तीची जोडी पण असते.