मावशी आणि वॉर्डबॉय यांच्यासाठी : सुई टोचू नये म्हणून, आणि टोचलीच तर

रुग्णालयात इंजेक्शन देण्याचे काम परिचारिका आणि डॉक्टर करतात, पण वापरलेली सुई अनेकदा अशा माणसाला टोचते ज्याने आयुष्यात सिरिंज हाती धरलेली नसते. चादरी बदलणाऱ्या मावशी, ट्रॉली ढकलणारे वॉर्डबॉय आणि कचऱ्याच्या पिशव्या खाली नेणारे कामगार यांना ही सुई दुसऱ्याच्या घाईमुळे भेटते. म्हणून प्रत्येक चादरीत आणि प्रत्येक पिशवीत सुई आहे असे धरूनच हात घालावा, हा या कामाचा पहिला नियम आहे.

सकाळच्या पाळीत चादर कशी काढली जाते ते आठवून पाहा. चारही टोके एकत्र करून बोचके बांधले जाते आणि ते छातीशी कवटाळून दारापर्यंत नेले जाते; रात्री सलाइन काढताना उशाशी राहून गेलेली सुई नेमकी तेव्हाच दंडात किंवा पोटात शिरते. त्याऐवजी आधी उशी उचलून गादीच्या कडांवरून नजर फिरवा, हाताने चाचपू नका. नंतर चादर न झटकता कडेकडून मध्याकडे गुंडाळा आणि अंगापासून लांब धरून पलंगाजवळच आणून ठेवलेल्या बादलीत टाका. सुई दिसली तर ती चिमट्याने उचलावी आणि तिच्यावर टोपण बसवण्याच्या फंदात कधीही पडू नये.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार सुया आणि ब्लेड पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात जातात. रक्ताने भिजलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज आणि सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, तर काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या डब्यात टाकायच्या असतात. पिशवी किंवा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा. पिशवी गळ्याशी धरून उचला. जागा व्हावी म्हणून ती हाताने किंवा पायाने दाबू नका, बुडाला हात लावू नका आणि चालताना ती पोटरीला घासू देऊ नका. या कामासाठी जाड रबरी हातमोजे आणि बंद बूट हवेत. तपासणीचे पातळ हातमोजे सुई अडवत नाहीत, आणि चपला घालून कचरा उचलणे तर मुळीच योग्य नाही. बूट मिळत नसतील तर ते मागण्यात कसलाही संकोच बाळगू नये.

आमच्या एका मावशींना अंगठ्यात सुई टोचली तेव्हा त्यांनी बोट तोंडात घातले, पदराने पुसले आणि कंत्राटी नोकरी जाईल या भीतीने दोन दिवस कोणालाही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले तेव्हा एचआयव्ही प्रतिबंधक औषध सुरू करायला हातात जेमतेम काही तास उरले होते.

सुई टोचल्यास ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. पिळून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नये. रक्ताचा शिंतोडा डोळ्यात उडाल्यास डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत. त्यानंतर तडक प्रभारी सिस्टरना सांगावे. सुई कोणत्या रुग्णाची होती हे माहीत असल्यास तेही सांगावे. माहीत नसले तरी कळवणे टाळू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो २ तासांच्या आत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत घ्यावा लागतो, आणि डॉक्टरांनी औषध सुरू केले तर ते २८ दिवस न चुकता घ्यायचे असते. अपघाताची नोंद झाली का, हे स्वतः पाहावे, कारण पुढच्या रक्ततपासण्या त्या नोंदीच्या आधारेच होतात.

घाबरून जाऊ नये म्हणून एक गोष्ट माहीत असावी : बाधित रुग्णाची सुई टोचली तरी एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन असते. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराची शक्यता लस न घेतलेल्यांमध्ये त्याहून कितीतरी जास्त असते, आणि नेमकी याच आजारावर खात्रीची लस आहे. पहिल्या डोसनंतर एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा डोस घ्यावा. कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना ही लस आणि धनुर्वाताची लस देण्याची, तसेच वर्षातून एकदा त्यांची आरोग्य तपासणी करण्याची जबाबदारी वरील नियमांनी रुग्णालयावर टाकली आहे.

जमिनीवर रक्त सांडल्यास हातमोजे घालून त्यावर कागद किंवा जुने कापड टाकावे, १ टक्का हायपोक्लोराइट (जंतू मारणारे ब्लीचचे द्रावण) ओतून किमान १० मिनिटे थांबावे आणि मगच पुसावे. बाटलीतले द्रावण ५ टक्क्यांचे असेल तर एका भागात चार भाग पाणी मिसळावे. हे द्रावण रोज ताजे करावे, आणि त्यात संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हातमोजे काढल्यावरही हात धुवावेत. साबणाने धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात, आणि बांगड्या वर सारल्याशिवाय मनगट स्वच्छ होत नाही.

रात्रपाळीला लागण्यापूर्वी प्रभारी सिस्टरना एवढे विचारून ठेवावे की सुई टोचल्यावर द्यायचे औषध कोणत्या कपाटात असते आणि रात्री त्याची किल्ली कोणाकडे असते.