दाखला अडकला होता, अपील केल्यावर निघाला (माझा अनुभव)
शेजारच्या काकूंचा उत्पन्नाचा दाखला अडकलेला, संजय गांधी निराधार योजनेच्या (निराधारांना दरमहा सरकारी मदत) अर्जाला जोडायचा होता आणि ऑफिसात कधीही जा, साहेब मीटिंगला गेलेत. बाहेरचा एजंट मात्र म्हणे पैसे द्या, उद्या आणून देतो. विधवा बाईकडून पण घेतात ओ, चीड येते अक्षरशः.

तर मी काय केलं ते सांगते. महाराष्ट्रात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, अर्ज दिला की नंबर आणि तारीख असलेली पोच मिळायलाच पाहिजे, ती आधी जपून ठेवा, सगळं त्याच्यावर चालतं. मुदत किती आणि अपील कोणाकडे हे ऑफिसातल्या बोर्डावर असतं (आमच्याकडे कपाटामागे होता, फोटो काढला). मुदत संपली की 30 दिवसांत पहिलं अपील करायचं, 'आपले सरकार' पोर्टलवरून होतं. पुढे दुसरं अपील, शेवटी लोकसेवा हक्क आयोग, आणि कारण नसताना अडवलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो.

अपील गेल्यावर त्याच ऑफिसातून काकूंना स्वतःहून फोन आला, दाखला तयार आहे म्हणून. एजंटला एक रुपया दिला नाही.